ठराव क्रमांक चार

पत्रिकेवर सकाळी साडेनऊची वेळ छापली होती, म्हणून वनमालाबाई सव्वानऊलाच बीडच्या त्या मंगल कार्यालयात हजर झाल्या. गेवराईहून पहिल्या एसटीने आलेलं माणूस वेळेवर पोचतं, आणि वेळेवर पोचलेल्या माणसाला आपल्याकडे खुर्च्या मांडायला लावतात. बाईंनी चार रांगा मांडल्या, पदराने घाम पुसला आणि पहिल्या रांगेत वही उघडून बसल्या. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'आज विचारायचे प्रश्न'. खाली प्रश्न एकच होता.

शिबिर होतं प्रयोगशाळा तंत्रज्ञ मंडळाचं. रक्त, लघवी, थुंकी तपासणाऱ्या माणसांची ही संघटना. दवाखान्यात यांना डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट ओळखत नाहीत, तेव्हा आपलं म्हणून एक मंडळ असावं, एवढाच त्यामागचा जुना हेतू. यंदा अकराही तालुक्यांत शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेला एक अध्यक्ष, एक सचिव. काम फुकटचं, स्वखुशीचं. ते कसं करायचं हे शिकवायला पुण्याच्या मुख्य कार्यालयातून एक बाई येणार होत्या. वनमालाबाई गेवराई शाखेच्या सचिव झाल्या होत्या, कारण बैठकीत सचिवपदाचं नाव निघाल्यावर बाकी सगळ्यांना एकदम फोन आले. अध्यक्ष झालेले गृहस्थ तर आजच्या शिबिरालाही आले नव्हते, त्यांच्या घरी पाहुणे होते.

पण बाई नुसत्या गळ्यात पडलं म्हणून सचिव झाल्या नव्हत्या. त्यांना रोहिणीचं काम करायचं होतं.

रोहिणी चकलांब्याची पोर. दोन वर्षं बाईंच्या हाताखाली रक्त तपासायला शिकली. हात हलका, नजर चोख. पुढे गेवराईतच शिवशंकरशेठच्या लॅबमध्ये लागली. गेल्या महिन्यात उमापूरला बहिणीचं लग्न होतं म्हणून तिने चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा शेठने रिपोर्टाचं कोरं पॅड पुढ्यात टाकलं. "सह्या करून ठेव सगळ्यावर. आकडे आमी भरू." पोरगी म्हणाली, जमणार नाही. रक्ताची नळी मी बघितली नाही तर सही कशाची करू? शेठने लग्नाहून परत येण्याची वाटही बघितली नाही, दुसऱ्या दिवशी तिला काढलं. वर मंडळाला अर्ज टाकला, की हिने चुकीचे रिपोर्ट दिले, हिच्यावर कारवाई करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आता बीडच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात जागा निघाली होती. गुरुवारी मुलाखत. रोहिणीची निवड जवळपास झालेली, फक्त त्यांना मंडळाचं पत्र हवं होतं, की या मुलीवर कसलाही ठपका नाही. पत्र मिळालं तर नोकरी, नाही मिळालं तर पुन्हा चकलांबा आणि बापाच्या शेतातलं खुरपं. म्हणून बाईंच्या वहीत तो एकच प्रश्न होता. सदस्याविरुद्ध खोटी तक्रार आली, तर तिचं म्हणणं कुणापुढे आणि कसं मांडायचं?

दहाला बाकीचे यायला लागले. दाराशी टेबल टाकून पंडितराव बसले होते. हे मंडळाचं जिल्ह्याचं कागदपत्र बघायचे. साठीचे, नाकावर चष्मा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्यापुढे जाडजूड बांधीव रजिस्टर होतं.

"मॅडम, सही ऱ्हायली तुमची. हितं करा. आता हितं. अन् हितं."

पहिल्या पानावर हजेरी होती. दुसऱ्यावर जेवणाऱ्यांची नावं. तिसरं पान कोरं होतं, वर नुसता पानाचा आकडा, आणि तळाला दहाएक सह्या आधीच झालेल्या.

"हे कशाचं?" बाईंनी विचारलं.

"सभेचं हाय. मागून लिवतो मी. आत्ता लई घाई हाय, मॅडम."

मागे रांग होती, पोह्यांचा वास सुटला होता, आणि माजलगावचा जावेद "चला बाई, पोहे गार व्हायले" म्हणत होता. बाईंनी सही केली.

मग सुरू झाला सत्कार. हा प्रकार ज्याने आपल्याकडे काढला त्याला एकदा सगळ्या शाली पांघरून उन्हात उभं करायला पाहिजे. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा सत्कार. पाहुण्यांचा सत्कार करणाऱ्याचा सत्कार. जिल्हाध्यक्ष विजयसिंहदादांचा फेटा बांधून सत्कार, तो फेटा सैल झाला म्हणून पुन्हा बांधून पुन्हा फोटो. त्यानंतर अकरा तालुक्यांचे पदाधिकारी एकेक करून स्टेजवर, शाल, श्रीफळ, फोटो, आणि प्रत्येकाचे आभार मानणारा निवेदक, ज्याला दोन वाक्यांत एक शेर म्हटल्याशिवाय श्वास घेता येत नव्हता. मागच्या फ्लेक्सवर दादा हात जोडून माणसाएवढे उभे होते आणि 'प्रशिक्षण' हा शब्द त्यांच्या बुटाखाली बोटभर जागेत बसवला होता.

पुण्याहून आलेल्या ऋतुजा मॅडम कडेच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिशीची मुलगी, पहाटे निघून आलेली. पाच तासांचं शिकवायचं तिने बांधून आणलं होतं. अकरा वाजता ती घड्याळ बघत होती, बाराला बघायची थांबली.

वनमालाबाईंचा पारा चढत होता. रविवार मोडून, घरचं टाकून माणसं अंबाजोगाई-आष्टीहून आली ती नारळ न्यायला? आणि चीड याची, की बाकी कुणाला चीड येत नव्हती. सगळे शाल नीट घडी घालून पिशवीत ठेवत होते आणि फोटो गावच्या ग्रुपवर टाकत होते.

दीडला जेवण. पुरी, श्रीखंड, मसालेभात. बाईंना भूक कडकडून लागली होती, त्यांनी श्रीखंड दुसऱ्यांदा घेतलं. हात धुवायला गेल्या तेव्हा मांडवाच्या खांबाला लावलेला दुसरा फ्लेक्स दिसला. 'भोजन सौजन्य', आणि खाली शिवशंकरशेठचा हसरा चेहरा, लॅबच्या नावासकट.

बाईंना ते श्रीखंड पोटात नकोसं झालं. पण खाल्लेलं परत ताटात ठेवता येत नाही.

अडीचला ऋतुजा मॅडम उभ्या राहिल्या. निवेदकाने सांगितलं, तुमच्याकडे पन्नास मिनिटं आहेत, नंतर समारोप. ती मुलगी रागावली नाही, निदान दाखवलं नाही. पाच तासांचं तिने पन्नास मिनिटांत कोंबलं. शाखेची बैठक कधी घ्यायची, किती माणसं लागतात, इतिवृत्त कसं लिहायचं, सूचक कोण, अनुमोदक कोण.

"सभेच्या आधी कोऱ्या पानावर सह्या घेतल्या तर चालतील का?" तिने विचारलं.

"न्हाईऽ," सगळं सभागृह शाळेतल्या पोरांसारखं एका सुरात म्हणालं, आणि हसलं.

"आपल्या धंद्यात तर मुळीच नाही," ती म्हणाली. "कोरा रिपोर्ट असो की कोरं इतिवृत्त, सही करणाऱ्याचं सदस्यत्व सहा महिने स्थगित. नियम क्रमांक एकोणीस. पदही जातं."

बाईंनी ते लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्यांचा हात जरा थांबला, पण तेवढ्यात प्रश्नांची वेळ झाली म्हणून त्या उठल्या.

"सदस्याविरुद्ध तक्रार आली, तर तिला बोलू देतात का?"

"द्यावंच लागतं. लेखी नोटीस, पंधरा दिवस, आणि समक्ष म्हणणं ऐकून घ्यायचं. त्याशिवाय कारवाई होऊच शकत नाही."

"मग आमच्या गेवराईच्या एका मुलीचं..."

"ताई," स्टेजवरून दादा माइकमध्ये म्हणाले. माइकवर दादा फार शुद्ध बोलत. "आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. परंतु वैयक्तिक विषय आपण समारोपानंतर घेऊया."

समारोपानंतर म्हणजे माणसं गाड्या काढत असताना. बाई बसल्या. चहाची सुट्टी झाली तशा त्या पंडितरावांच्या टेबलाशी गेल्या. निदान नियमांचं पुस्तक तरी घ्यावं, आणि नियमाचा आकडा टाकून अर्ज आत्ताच द्यावा.

पंडितराव लिहीत होते. अक्षर मोत्यासारखं. तेच रजिस्टर, तेच पान. वर सभेची तारीख आजची, वेळ दुपारी तीनची. तीन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि सभा झालेलीच नव्हती. बाई उलट्या बाजूने वाचायला लागल्या. चोवीस वर्षं पेशंटच्या हातातले कागद उलटे वाचायची त्यांना सवय होती.

ठराव क्रमांक चार. गेवराई शाखेच्या सदस्या कु. रोहिणी यांच्याविरुद्ध आलेल्या तक्रारीवर सविस्तर चर्चा होऊन त्यांचे सदस्यत्व रद्द करण्याचे सर्वानुमते ठरले. सूचक, वनमालाबाई, सचिव, गेवराई शाखा. अनुमोदक, जावेद, सचिव, माजलगाव शाखा.

आणि तळाला, सह्यांच्या मधोमध, बाईंची सही. स्वच्छ, वळणदार, पूर्ण नावाची.

"पंडितराव, हे काय लिवलंय?"

पंडितरावांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं काही नव्हतं, हेच जास्त भयंकर होतं. "ठराव हाय, मॅडम. दादांनी सांगितलेत सात. सूचक त्याच तालुक्याचा लागतो ना, म्हणून तुमचं नाव घातलं. अनुमोदक मातर कुठला बी चालतो."

"मी कधी मांडला हा?"

"असं मांडत न्हाईत, मॅडम," पंडितराव समजुतीने म्हणाले. "असंच लिवतेत. धा-बारा वर्षं झाली, मीच लिवतो."

तळपायाची आग मस्तकाला गेली म्हणतात ती बाईंना तेव्हा कळली. रजिस्टर त्यांनी काखेत मारलं आणि सरळ दादांकडे गेल्या. दादा फेटा काढून वाऱ्याला बसले होते, हातात चहा.

"दादा, ठराव चार खोडा. मी असलं काही मांडलेलं न्हाई."

"बसा की ताई. चहा घ्या." माइक नसला की दादा आपल्या बोलीवर यायचे. "तुमी नव्या हायत. कावून एवढं मनावर घेता? शेठ आपला माणूस हाय, मंडळाला कायम मदत करतो. पोरगी काय, लगीन होऊन जाईल तिचं. तिला कुठं सदस्यत्व लागतंय?"

"तिला गुरुवारी लागतंय. तिचं कुणी ऐकून घेतलं न्हाई. नोटीस न्हाई. मी खोडा म्हणते."

"मग तुमीच सांगा," दादा शांतपणे म्हणाले. "ही सही तुमची हाय का न्हाई?"

बाईंनी रजिस्टर उघडून ती सही पुन्हा बघितली.

"हाय ना? मग झालं. रिपोर्टाखाली सही असली की रिपोर्ट आपला. तुमाला मी काय शिकवायचं?"

बाई तिथून निघाल्या त्या जावेदपाशी. त्याला पान दाखवलं. जावेद चाळिशीचा, सरळ माणूस, बाप गॅरेज चालवायचा आणि हा घरातला पहिला शिकलेला. त्याने स्वतःचं नाव दोनदा वाचलं. "या अल्ला. मी तर तिला ओळखत बी न्हाई."

"समारोपाला बोलणार हाय मी."

"बोलून काय व्हणार, बाई? मांडला न्हाई म्हटलं, की ते सही दाखवतेल. सही कोरी व्हती म्हटलं, की एकोणीस नंबर. आत्ताच शिकवलं त्यांनी. हात दाखवून अवलक्षण."

तो खोटं सांगत नव्हता. रोहिणीला वाचवायचं तर एकच रस्ता होता आणि तो बाईंच्याच अंगावरून जात होता. सहा महिने सदस्यत्व नाही, पद नाही. आणि गेवराईभर होणार, की वनमालाबाई, ज्या पोरींना सहीवरून फटकारायच्या, त्याच कोऱ्या कागदावर सही करतात. बाईंना दादांचा राग आला होता, शेठचा आला होता, पंडितरावांच्या मोत्यासारख्या अक्षराचाही आला होता. पण सगळ्यात जास्त राग त्यांना स्वतःच्या उजव्या हाताचा आला होता. कुणी धाक घातला नव्हता, कुणी फसवलंही नव्हतं. कशाचं म्हणून विचारलं होतं, मागून लिहितो असं उत्तर मिळालं होतं, आणि तरी केली होती. सभा म्हटलं की सही आधी, बोलणं मागून, हे अंगात इतकं मुरलं होतं की ती सही आहे असंच वाटलं नव्हतं.

समारोपात प्रत्येक सचिवाला एक मिनिट मनोगत होतं. दहा सचिवांनी दादांचे आभार मानले, श्रीखंडाचं कौतुक केलं. गेवराईचं नाव निघालं तशा बाई रजिस्टर घेऊनच स्टेजवर चढल्या.

"मी ठराव क्रमांक चार वाचून दाखवते," त्या म्हणाल्या, आणि वाचला. सावकाश, शब्द न गाळता. "ही सभा तीनला झाली म्हणतात. तीनला आपण सगळे ह्या मॅडमच्या समोर बसून शिकत होतो. हा ठराव मी मांडला असं लिवलंय. मी मांडला नाही. त्या मुलीचं कुणी ऐकलेलं नाही."

निवेदक माइककडे यायला लागला. बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो जागीच थांबला.

"परंतु ताई, स्वाक्षरी आपली आहे," दादा खुर्चीतूनच मोठ्याने म्हणाले.

"माझीच हाय. सकाळी साडेदहाला केली, पान कोरं होतं तेव्हा. मीच नाही, तुम्ही सगळ्यांनी केली. ज्यांनी ज्यांनी कोऱ्या पानावर सही केली, त्यांनी हात वर करा."

वीस जण समोर बसले होते. दीड तासापूर्वी एका सुरात नाही म्हणणारे हेच. कुणी मोबाइल काढला, कुणी पिशवीतली शाल चाचपली, बाकीचे मूग गिळून बसले. जावेद खाली मान घालून बुटाकडे बघत होता. एकही हात वर आला नाही.

"असू द्या," बाई म्हणाल्या. "आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, आणि आपण त्याला प्रशिक्षण म्हणतो."

त्या खाली उतरल्या आणि ऋतुजा मॅडमसमोर येऊन बसल्या. "मॅडम, हा ठराव कसा पडंल?"

ऋतुजा मॅडमचा चेहरा उतरला होता. "सूचकाने लेखी नाकारला तर ठराव राहतच नाही. मी रजिस्टर पुण्याला नेते. तक्रार नव्याने ऐकू, आणि तोवर त्या मुलीवर ठपका नाही असं पत्र परवापर्यंत देता येईल. पण ताई, सही कशी झाली हे तुम्हाला लिहावं लागेल. लिहिलंत की एकोणीस क्रमांक मला तुम्हालाच लावावा लागेल. मी तो गाळू शकत नाही."

"गाळू नका. गाळला तर आजचं शिकवणं वाया गेलं."

बाईंनी वहीचं पान फाडलं आणि लिहिलं. 'मी सभा होण्यापूर्वी कोऱ्या पानावर सही केली. ठराव क्रमांक चार मी मांडलेला नाही.' खाली सही करताना त्यांनी आधी वरचं सगळं पुन्हा वाचलं. पेन टोपणात घालणार तोच जावेदने ते त्यांच्या हातातून घेतलं. कधी येऊन उभा राहिला ते कळलंही नव्हतं. 'मीसुद्धा' एवढंच लिहून त्याने खाली नाव घातलं आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. स्टेजवर प्रमाणपत्रं वाटणं सुरू झालं होतं. 'शिबिर यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल'.

साडेपाचला बाई बसस्टँडवर आल्या. गाडीला वेळ होता. एका खांबाशी उभं राहून त्यांनी रोहिणीला फोन लावला आणि घडलं तसं सगळं सांगितलं. ठराव पडला. पत्र परवा येतंय. आपलं पद गेलं, सहा महिने सदस्यत्वही नाही, पण ते काही नाही, आपण बघून घेऊ. सांगताना त्यांचा आवाज जरासा वर गेला होता. पोरगी आता रडेल, बाई तुमच्यामुळं झालं म्हणेल, आणि आपण म्हणू, वेडी का काय.

रोहिणीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"बाई, तुमी सही केलीच कशी?"

घाई होती, मागे रांग होती, सगळ्यांच्या झाल्या होत्या. बाईंच्या जिभेवर सगळी कारणं आली. सगळी खरी होती, आणि शिवशंकरशेठनेही त्या दिवशी हीच दिली असणार.

"केली," त्या म्हणाल्या.

"मी तर त्याच्याचपायी नोकरी घालवली," रोहिणी म्हणाली. तिच्या आवाजात रडू नव्हतं, रागच होता, आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. "शेठ मला म्हणला व्हता, तुझ्या बाई बी करत असतील, जाऊन इचार. मी त्याच्या तोंडावर सांगितलं, आमच्या बाई असलं करत न्हाईत."

गेवराईची गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी लोटली, कुणाची तरी पिशवी बाईंच्या खांद्याला लागून गेली.

"गुरुवारी वेळेवर जा," बाई म्हणाल्या. "पत्र घेऊन जा."

"जाते."

एरवी ती 'ठेवू का बाई' असं विचारून फोन ठेवायची. आज तिने नुसताच ठेवला.